पाचव्या खुर्चीची उचकी

ऐक, तू आधी नुसतं ऐक. मधे बोललीस की माझा धागा सुटतो आणि मग मी भलतीकडेच जाते. तर मला उचकी लागली. हसू नकोस ना! एकच उचकी, साधी, कोरडं बिस्कीट घाईघाईत गिळलं की लागते तशी. पण ती लागली नेमकी त्या मिनिटात. माझ्यापुढचा माईक चालू, खाली हॉलमध्ये चार देशांची माणसं पाचव्या देशाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलेली, कोणी कागदसुद्धा हलवत नव्हतं. मला ती येताना कळली होती गं. पोटातून वर चढताना कळली. मी श्वास धरला, ओठ मिटले, डोळे मिटले, टेबलाची कड घट्ट धरली, आणि तेच चुकलं, कारण दाबलेली उचकी जास्त मोठी होते. हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ती आली. छतावरून कोणीतरी जड खोकं टाकल्यासारखी. आणि खाली कोणीच वर बघितलं नाही, हे मला अजून आठवतं. सगळ्यांनी खुर्चीकडेच बघितलं. जणू तीच बोलली.

तुला माझं काम नीट माहीत नाही, म्हणजे कोणालाच नाही. आई शेजारणीला नुसतं ‘मोठ्या ऑफिसात असते’ एवढंच सांगते आणि विषय बदलते. हॉलच्या वरच्या अंगाला भिंतीत काचेच्या पाच खोल्या आहेत, कपाटाएवढ्या, आम्ही त्यांना बूथ म्हणतो. प्रत्येक बूथमध्ये दोन दुभाषे. खाली कोणी बोललं की आम्ही ते आपापल्या भाषेत माईकवर बोलायचं, ज्याला हवं त्याने कानाला लावून ऐकायचं. माझा पाचवा बूथ. पाचव्या बूथचं कोणी ऐकत नाही, कारण ती भाषा ज्यांची, तो देशच आता नाहीये. पण नियमाप्रमाणे प्रत्येक सदस्याच्या भाषेत बैठक झाली पाहिजे, आणि सदस्य पाच आहेत, म्हणून मी आणि मास्तर आळीपाळीने त्या भाषेत बोलत बसतो. नदीत गाळ किती साचला, बोटींना किती खोली हवी, बंधाऱ्याचा कोणाच्या बाजूचा दरवाजा कधी उघडायचा, सगळं. अगदी मन लावून. सुरुवातीला मला वाटायचं, निदान एखादं तरी वाक्य चुकवून बघू, कोणाला कळणार आहे? पण नाही जमत. ऐकणारा कोणी नसला की माणूस उलट जास्त नीट बोलायला लागतो. माईकच्या स्पंजला जुन्या श्वासांचा वास येतो, कितीही बदलला तरी. काचेत माझंच तोंड हलताना दिसतं आणि त्याच्या पलीकडे खाली ती खुर्ची.

आणि ते मिनिट. ते काय आहे सांगते. कुठलाही ठराव आला की अध्यक्ष एकेकाला विचारतात, तुमचं काही म्हणणं? पाचव्या खुर्चीलाही विचारतात. ‘माननीय पाचव्या सदस्यांना काही बोलायचं आहे का?’ आणि मग एक मिनिट थांबतात. त्या मिनिटात आमच्या बूथचा माईक उलटा होतो, म्हणजे आमचा आवाज थेट हॉलमध्ये जातो. का, तर समजा खुर्चीतलं माणूस बोललंच, तर आम्ही ते सगळ्यांना सांगायला तयार हवं. मिनिट संपलं की अध्यक्ष म्हणतात, ‘हरकत नाही असे दिसते.’ न बोलणं म्हणजे होकार, असा नियमच आहे. त्यामुळे तो देश गेल्यापासून गेली पन्नासेक वर्षं सगळ्याला हो म्हणत आलाय. जिवंत असताना म्हणे एक नंबरचा भांडखोर होता.

हे सगळं मला मास्तरांनी सांगितलं. मास्तर तिकडे, त्या देशात, शाळेत शिकवायचे, अगदी पोरगेले असताना, आणि आता ते बूथमध्ये मान टाकून झोपतात आणि त्यांची पाळी आली की डोळे न उघडता बोलायला लागतात. मोठ्या लढाईनंतर, ते सांगतात, नदीकाठच्या पाच देशांची माणसं एका शाळेच्या व्यायामशाळेत जमली. कोणाला धड झोप नव्हती, कोणाला जेवण नव्हतं, एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. पण पूल कोसळून नदीत पडले होते आणि बोटी अडकल्या होत्या, काहीतरी करायला हवं होतं. मग त्यांनी तात्पुरती परिषद केली. तात्पुरती, हां. पितळी पाटीवर अजून तो शब्द आहे आणि दर आठवड्याला कोणीतरी तो घासून चकाचक करतं. विश्वास नव्हता म्हणून ठरवलं की सगळं पाचांच्या संमतीने. कंटाळा आला होता म्हणून ठरवलं की गप्प बसला तो कबूल. “दमलेल्या माणसांनी केलेले नियम सगळ्यात जास्त टिकतात,” मास्तर म्हणतात, “कारण पुन्हा तसं बसायची कोणाची छाती होत नाही.” नंतर एका वसंतात दोन शेजाऱ्यांनी तो पाचवा देश अर्धा अर्धा वाटून घेतला, सह्या केल्या, नोटा बदलल्या, रस्त्यांची नावं बदलली, फक्त ही नदीची परिषद कोणाच्या लक्षातच आली नाही. ती दुसऱ्याच कुठल्या खात्याखाली होती. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. खुर्ची काढायची तर पाचांची संमती हवी, आणि पाचवा कुठून आणणार?

आणि खरं सांगू का, कोणाला ती काढायचीच नव्हती. मला हे नोकरीला लागल्यावर वर्षभरात कळलं. दोघांचं जुंपलं आणि माघार घ्यायची लाज वाटली, की एक जण म्हणणार, ‘पाचव्या सदस्यांच्या हिताचाही विचार व्हायला हवा,’ आणि दुसरा लगेच मान डोलावणार, ‘अर्थात, अर्थात,’ आणि विषय पुढच्या महिन्यावर. त्या खुर्चीने किती भांडणं वाचवली असतील! घरात एखादी म्हातारी आत्या कोपऱ्यात असते ना, जिच्या नावावर सगळे आपापली नकोशी कामं ढकलतात? ‘आत्याला आवडणार नाही.’ आत्याला कोणी विचारलेलं नसतं.

आता बाबांचं. माझे बाबा त्या देशाचे. नऊ वर्षांचे असताना आपल्या वडिलांचा हात धरून इकडे आले, इथेच फ्रिज दुरुस्त करायला शिकले, इथल्या मुलीशी लग्न केलं, ताई झाली, मी झाले. पण बाबांकडे इथलं नागरिकत्व नाही. परिषदेने दिलेली एक राखाडी पुस्तिका आहे, तिच्यावर त्यांचा देश छापलेला. तसे अजून काही म्हातारे आहेत. पुस्तिका खुर्चीच्या जिवावर चालते. खुर्ची आहे तोवर ती दर वर्षी नवी होते. म्हणजे इथे राहता येतं, काम करता येतं, बाहेर कुठे जाता येत नाही, कारण परदेशी व्हिसाच्या खिडकीत कॉम्प्युटरमध्ये तो देशच सापडत नाही. एकदा, मी व्हायच्या आधी, बाबा नागरिकत्वाचा अर्ज करायला गेले होते. ‘आधीचा देश’ या रकान्यात त्यांनी आपल्या देशाचं नाव लिहिलं. खिडकीतला म्हणाला, असा देश नाही, या दोघांपैकी एकाचं लिहा. म्हणजे ज्या दोघांनी तो वाटून घेतला त्यांच्यापैकी एकाचं. बाबा पेन खाली ठेवून घरी आले. परत गेले नाहीत. मोठं काही म्हणाले नाहीत, निषेध वगैरे अजिबात नाही. नुसते परत गेले नाहीत. आई अजून टोमणा मारते, “एक शब्द लिहायचा होता, तेवढ्यासाठी माणसाने जन्म काढला.” आणि आता ताईला मुलगा झालाय, तिकडे, लांब, विमानाने जायचं तिथे. ताईला बाळंतपण जड गेलं, अजून ती फोनवर बोलता बोलता रडते, आणि आई बाबांना सोडून एकटी जाणार नाही. बॅग मात्र कपाटावरून काढून ठेवलीय. रिकामी. खोलीत मधोमध. सगळे तिला वळसा घालून जातात.

तर अशात तो नवा आला. तिसऱ्या देशाचा नवीन प्रतिनिधी, आम्ही त्याला नुसतं ‘नवा’ म्हणतो. माणूस वाईट नाही. त्याचं टेबल बघशील तर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. त्याला ती खुर्ची खुपायला लागली. आणि त्याने अशी युक्ती काढली की म्हाताऱ्या वकिलांनीही तोंडात बोटं घातली: खुर्ची काढायला पाचव्याची संमती हवी ना? मग पाचव्यालाच विचारू. तो मिनिटभर गप्प बसला की झाला कबूल. इतकं सोपं! आणि ठरावाला त्याने एक कलम जोडलं, की राखाडी पुस्तिकावाले जिथे राहतात तिथले आपोआप नागरिक होतील, कुठलाही रकाना न भरता. मी ते बूथमध्ये बसून त्या भाषेत बोलले. ‘आपोआप’ म्हणताना मला घर दिसलं. आई मला दिसली, बॅगेत छोटे स्वेटर भरताना. मग अध्यक्ष, त्यांना आम्ही आजोबा म्हणतो, खुर्चीकडे वळले, विचारलं, आणि मिनिट सुरू झालं, आणि मला उचकी लागली.

आजोबांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. “पाचव्या सदस्यांनी... अं... मत मांडलेलं आहे,” ते म्हणाले. “नोंद घ्यावी. बैठक उद्या सकाळपर्यंत तहकूब.” आणि त्यांच्या चेहऱ्यावर, शपथ सांगते, सुटल्याचा भाव होता. जिन्यात मला पहिल्या देशाचे प्रतिनिधी भेटले, कधी मान वर करून न बघणारे, ते हळूच म्हणाले, “छान केलंत.” दुसऱ्या देशाच्या बाईंनी माझ्या हातात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या आणि डोळा मारला. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याने माझ्याकडून ते करवून घेतलंय. आणि नवा खिडकीशी उभा होता, कपाळ काचेला टेकून. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की मी जाऊन सांगणारच होते, अहो, बिस्कीट होतं ते, बिस्कीट. तेवढ्यात इतिवृत्तवाल्या बाईंनी मला हाक मारली. बैठकीत कोण काय बोललं ते लिहायचं काम त्यांचं. त्यांच्या टेबलावर एक ओळ अर्धी लिहिलेली होती.

“काय बोलले गं ते?”

“बाई, ती उचकी होती.”

“कोणाची?”

“माझी.”

“तू कोण?”

“म्हणजे? मी... दुभाषी.”

“दुभाषी इतिवृत्तात नसते, बाळ. त्या मिनिटात त्या माईकवरून जे येतं ते पाचव्या सदस्याचं. मग काय लिहू, माननीय सदस्यांना उचकी लागली?”

“लिहा ना.”

“बाजूने लागली की विरोधात?”

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते, त्यांना घरी जायचं होतं. “हे बघ,” त्या म्हणाल्या, “मला शब्द लागतात. ‘सहमत’ सांग नाहीतर ‘वेळ हवा’ सांग, मला दोन्ही सारखंच. ओळ पूर्ण झाल्याशिवाय उद्याची बैठक सुरू होत नाही. त्यांच्या भाषेत सांग आणि मग अर्थ सांग. सकाळी ये.”

म्हणजे बघ हं, काहीच झालं नाही असं म्हणायची सोयच नव्हती. गप्प बसलेलं पन्नास वर्षं चाललं, पण एकदा आवाज निघाला की त्याचा अर्थ द्यावाच लागतो. आणि तो देणार कोण, तर मी. मी तो देश बघितलेलासुद्धा नाही. वर बूथमध्ये गेले तर मास्तर इतके हसत होते की त्यांना खोकला आला. “पन्नास वर्षांत पहिल्यांदा आपला देश बोलला, आणि काय बोलला, वा!” मग डोळे पुसत म्हणाले, “कोणीतरी आठवण काढली असणार त्याची.”

“कोण काढणार, मास्तर?”

“तेच तर. कोण उरलंय?”

मी म्हटलं, मास्तर, तुम्हीच सांगा, काय लिहायला सांगू? ते कितीतरी वेळ हेडफोनची वायर गुंडाळत बसले. म्हणाले, “मला नको विचारूस. मी ‘वेळ हवा’ म्हणेन, आणि तो काही देशासाठी नसेल. घरी माझ्याशी या भाषेत बोलणारं कोण आहे? रस्त्यात बोललो तर लोक वेडा म्हणतात. इथे काचेमागे बोललो तर म्हणत नाहीत, एवढंच.” आणि मग पिशवी उचलून, दिवा बंद करून, निघूनच गेले. मी अंधारात बसले थोडी. खाली शिपाई खुर्च्या टेबलाखाली सरकवत होता. पाचवी त्याने जरा जपून सरकवली असं मला वाटलं. की मीच उगाच?

चालतच घरी गेले. रस्त्यात दुकानं, माणसं, सिग्नल, एका बाईच्या हातातून पिशवी फाटून बटाटे गडगडत गेले, सगळे धावले, मीही एक उचलून दिला, आणि डोक्यात आपलं एकच: सहमत, वेळ हवा, सहमत, वेळ हवा. त्या भाषेतल्या शब्दांची मजा सांगते तुला. मला ती बाबांनी शिकवली, म्हणजे शिकवली नाही, ते लहानपणी माझ्याशी तसंच बोलायचे. पण बाबांची भाषा नऊ वर्षांच्या मुलाची आहे. तिथेच थांबलेली. चेंडू, गुडघा, मांजर, मला नको, तो चिडवतो, अजून थोडं खेळू दे. त्यांना त्यांच्या भाषेत कर म्हणजे काय, करार म्हणजे काय, येत नाही. ते शब्द मला पुढे मास्तरांनी दिले. म्हणजे माझ्याकडे एकतर चेंडू आहे नाहीतर कलम. मधलं काही नाहीच. त्या भाषेत मला कोणावर नीट रागावता येत नाही, प्रेमात पडता येत नाही, माफी मागता येत नाही. बाबांशी त्या भाषेत बोलताना आम्ही दोघं एकाच वयाचे होतो, आणि ते वय फार लहान असतं. पण बरं वाटतं. बाहेर कामावर ‘ए मेकॅनिक’ म्हणून हाक मारतात त्यांना, घरात आले, बूट काढले, की ते मला त्या भाषेत विचारतात, ‘खेळलीस का?’ अजूनही. मी एवढी घोडी झाले तरी.

घरी बाबा टेबलावर थर्मोस्टॅट उघडून बसले होते, त्यांच्या हाताला रबराचा आणि गार लोखंडाचा वास असतो, आणि आई ताईचा फोन नुकताच ठेवून नाक पुसत होती. मी सगळं सांगितलं. उचकीपाशी आई इतकी हसली, इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. “अगं बाई, कोणी गं एवढी आठवण काढली!” आणि मग तिचं हसू थांबलं, कारण तिला बाकीचं कळलं.

“म्हणजे तू हो म्हटलंस की ह्यांना पासपोर्ट?”

“हो.”

“मग अडलंय कुठे? सांगून टाक हो म्हणून!” आणि बाबांकडे बघून, “आता ह्यात तर काही लिहायचंही नाहीये तुम्हाला.”

बाबा स्क्रू फिरवत होते. “मी कुठे काय म्हणालो?”

“तेच तर! तुम्ही कधी काही म्हणता का? त्या खुर्चीत तुम्हालाच बसवायला हवं होतं.” ती उठली आणि गच्चीवरचे कपडे आणायला गेली, जाताना त्या बॅगेला पाय लागला, “ही एक मेली,” असं म्हणाली, पण बॅग उचलली नाही.

मग बाबांनी मला विचारलं, आमच्या भाषेत, हळू, “तिथे ‘सहमत’ला काय म्हणतात?” मी तो शब्द सांगितला. लांबलचक आहे, शेवटी घशात असा बंद होतो, कोणी खण ढकलल्यासारखा. बाबांनी तो म्हणून बघितला. पहिल्यांदा अडखळले. मी परत सांगितला, तोंड कसं करायचं दाखवलं. मला एकदम कसंतरी झालं गं, त्यांचीच भाषा, आणि मी त्यांना शिकवतेय. त्यांनी परत म्हटला, यावेळी नीट, आणि मान हलवली. “हा आमच्याकडे नव्हता,” म्हणाले. “आमच्याकडे ‘हो’ होतं आणि ‘नाही’ होतं.”

“तुमचं काय आहे? हो की नाही?”

ते म्हणाले, शाळेत मास्तरीणबाईंनी एक दिवस भिंतीवरच्या नकाशावर चादर टाकली आणि म्हणाल्या, आता हा बघायचा नाही, वह्या काढा. गणितं घातली. बाबांना सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटलं असेल, तर देश गेला आणि सुट्टी दिली नाही, ह्याचं. सगळ्या मुलांना वाटत होतं, देतील. मग म्हणाले, “हाड मोडून वाकडं जुळलं ना, की माणूस तसंच चालायला शिकतो. पुढे त्याचं दुखतही नाही. सरळ करायचं म्हणजे आधी परत मोडायला लागतं. मी काय सांगू तुला? मला ठरवता आलं असतं तर मी तेव्हाच त्या खिडकीत ठरवलं असतं.” आणि थर्मोस्टॅटचं झाकण बसवून तो कानाशी हलवून बघितला. आतून टिक असा आवाज आला. “लागला,” ते म्हणाले. तेवढंच. आई कपड्यांचा ढीग छातीशी धरून आत आली, वरचा एक मोजा पडला, बाबांनी तो उचलून तिच्या ढिगावर ठेवला, आणि त्या दोघांच्या मानेमागचे केस मला दिसले, दोघांचेही पांढरे, आणि मला वाटलं, बास. आता बास.

सकाळी बाईंनी पेन उघडून ठेवलंच होतं. नवाही होता, मागे हात बांधून, रात्रभर न झोपलेला. मास्तर आले नव्हते. त्यांनी निरोप पाठवला होता की पोट बिघडलंय. मी तो शब्द म्हटला. खोली छोटी होती, पडदे जाड होते, शब्द कुठे आपटला नाही, घुमला नाही, तोंडातून निघाला आणि संपला. बाईंनी विचारलं, “अर्थ?” मी म्हटलं, “सहमत.” त्यांनी ओळ पूर्ण केली, पूर्णविराम दिला, त्यावर टीपकागद दाबला. नवा म्हणाला, “धन्यवाद,” आणि मग त्याचं त्यालाच कळेना की आपण कोणाला धन्यवाद म्हणालो. हॉलमध्ये आजोबांनी ते वाचून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, पहिल्या देशाच्या त्या गृहस्थांनी माझ्या काचेकडे असं बघितलं, जणू मी त्यांना फसवलंय, आणि सगळे जेवायला गेले. दोन शिपायांनी खुर्ची उचलून नेली. तिच्याखालचा गालिचा बाकीच्यापेक्षा गडद निघाला, नवाकोरा. एका देशाचा शेवट मी बघितला म्हणून सांगते, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि पुढची गंमत ऐक. पुढच्या बैठकीत ठराव आला, आजोबांनी चौघांना विचारलं आणि सवयीने त्या गालिच्याकडे वळले. ‘माननीय पाचव्या सदस्यांना काही बोलायचं आहे का?’ नवा ताडकन उभा राहिला, “आता कशाला?” तर बाईंनी शांतपणे त्याचाच ठराव वाचला. त्यात ‘खुर्ची आणि नामफलक’ एवढंच होतं. ‘सदस्यत्व’ हा शब्द आला असता तर अख्खा करार उघडावा लागला असता, म्हणून त्याने हुशारीने टाळला होता. खुर्ची गेली, सदस्य आहे. विचारायचा नियम आहे. तो काढायचा तर पाचांची संमती हवी. नवा हळूच खाली बसला. त्याने एक पेन्सिल उचलली आणि परत जागेवर ठेवली. मिनिट सुरू झालं, बूथचा माईक उलटा झाला, मास्तर माझ्या शेजारी डोळे मिटून होते, आणि खाली चार देशांची माणसं एका गडद चौकोनाकडे बघत बसली. अजूनही बसतात. मागच्या महिन्यात दोघांचं जुंपलं तर एक जण म्हणालाच, पाचव्या सदस्यांच्या हिताचाही विचार व्हायला हवा.

घरी सगळं छान आहे. खरंच छान आहे. पासपोर्ट आला, खिडकीतल्या कॉम्प्युटरमध्ये बाबांचा देश एका झटक्यात सापडला, व्हिसा झाला, बॅग इतकी भरली की आई तिच्यावर बसून चेन लावते. ताई परवा फोनवर हसली. बाबा फोटो काढायला दाढी करून गेले होते, दिसतातही बरे. माझ्यावर रागावले असतील म्हणशील तर नाही, उलट जास्तच गप्पा मारतात. फक्त आता त्या भाषेत बोलत नाहीत. मला आधी लक्षातच आलं नाही. मग एक दिवस ते कामावरून आले, बूट काढले आणि विचारलं, “आज लवकर आलीस?” आपल्या ह्याच बोलण्यात, जसं तू विचारशील तसं. मी मुद्दाम त्यांना त्या भाषेत काहीतरी म्हटलं, मांजरीबद्दल. त्यांना समजलं, ते हसले, आणि उत्तर ह्याच भाषेत दिलं. मी म्हटलं, बाबा, असं का? तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “अगं, सवय मोडायला हवी ना. तिकडे नातवाशी काय बोलणार मी?” इतकं सरळ. ह्यात चुकीचं काय आहे सांग? मला काहीच सापडत नाही. पण दर आठवड्याला ते मिनिट येतं, माईक उलटा होतो, मी तळहाताने तोंड घट्ट झाकून बसते, आणि आत, दातांच्या मागे, कोणीतरी लहान पोर ‘अजून थोडं खेळू दे’ म्हणत असतं, आणि मला त्याला सोडताही येत नाही, गिळताही येत नाही. मी ‘वेळ हवा’ म्हटलं असतं तर ताई अजून रडत असती. ते मला माहीत आहे. रोज माहीत असतं. तरी सांग ना मला, माझ्या जागी तू असतीस, समोर ती अर्धी ओळ असती आणि बाई पेन धरून बसलेल्या असत्या, तर तू काय केलं असतंस?